कचऱ्याच्या डोंगराखालची जमीन कोण स्वच्छ करणार? डड्डूमाजरापासून युरोपपर्यंतचे नियम आणि आपले हक्क

आपण चंदीगडमध्ये डड्डूमाजरा कॉलनी, डड्डूमाजरा गाव किंवा सेक्टर ३८ पश्चिमच्या आसपास राहत असाल, तर 'डंप' म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात वाहत येणारे काळे पाणी आणि उन्हाळ्यात कचऱ्याला लागणाऱ्या आगीचा धूर आपण अनुभवलेला आहे. या पानावर तीन गोष्टी समजावून सांगितल्या आहेत: अशी जमीन स्वच्छ करण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे, तक्रार नेमकी कोणत्या नियमाखाली आणि कोणाकडे करायची, आणि डंपशेजारी राहणाऱ्या किंवा डंपवर काम करणाऱ्या कुटुंबांना कोणत्या योजनांचा लाभ मिळू शकतो. महाराष्ट्रात देवनार, उरुळी देवाची-फुरसुंगी किंवा नागपूरच्या भांडेवाडीजवळ राहणाऱ्या वाचकांनाही यातील बहुतेक माहिती जशीच्या तशी लागू पडते. कार्यालये तेवढी बदलतात, ती त्या-त्या ठिकाणी दिली आहेत.

आधी डड्डूमाजराबद्दल थोडेसे

चंदीगड हे आखीव शहर म्हणून देशभर ओळखले जाते. मात्र या आखीव शहराचा कचरा अनेक दशके शहराच्या पश्चिम टोकाला, सुमारे ४५ एकर जागेवर टाकला गेला. शेजारची डड्डूमाजरा कॉलनी ही पुनर्वसन वसाहत. शहरातील झोपड्या हटवल्यावर ज्यांना इथे जागा मिळाली, त्यांच्याच दारात शहराचा कचरा येऊन पडला. कचऱ्यावर प्रक्रिया करणारा कारखाना २००८ मध्ये एका खासगी कंपनीमार्फत उभा राहिला. पुढे महानगरपालिका आणि कंपनी यांच्यात वाद झाला आणि २०२० मध्ये महानगरपालिकेने कारखाना ताब्यात घेतला. दरम्यान डोंगर वाढतच राहिला. जुन्या कचऱ्याचा पहिला ढीग सुमारे ५ लाख टनांचा आणि दुसरा सुमारे ८ लाख टनांचा धरला गेला. हे ढीग उपसण्याचे काम सुरू असतानाच रोज येणाऱ्या, प्रक्रिया न झालेल्या कचऱ्याचा आणखी एक ढीग तयार झाला. काम पूर्ण करण्याच्या तारखा अनेकदा पुढे ढकलल्या गेल्या. डंपमधून पाझरणारे पाणी 'पटियाला की राव' या मोसमी नाल्यात जाते, ही तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयातही डंपबाबत जनहित याचिका दाखल झाली आहे.

ढीग उपसणे आणि जमीन स्वच्छ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. महानगरपालिकेची घोषणा वाचताना हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे नियम याच फरकावर उभे आहेत.

ढीग कसा उपसतात?

या कामाला बायोमायनिंग म्हणतात. जुना कचरा यंत्राने मोकळा करून लांबलचक रांगांमध्ये रचतात. त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारतात आणि काही दिवसांच्या अंतराने कचरा उलटापालटा करतात. त्यामुळे ओलावा व दुर्गंधी कमी होते आणि आत साठलेला मिथेन वायू बाहेर पडतो. मग ट्रॉमेल नावाच्या फिरत्या मोठ्या चाळणीतून कचरा गाळला जातो. त्यातून बारीक माती निघते, दगड-विटांचे तुकडे निघतात, थोडे धातू व काच मिळते आणि प्लास्टिक-कापडाचा जळाऊ भाग वेगळा होतो. हा जळाऊ भाग सिमेंट कारखान्यांत इंधन म्हणून पाठवला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या कामासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने देशभरातील जुन्या कचऱ्याबाबत आदेश दिले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.० मध्ये अशा जागांसाठी केंद्राचे अर्थसाहाय्यही ठेवले आहे.

इथे एक व्यावहारिक सूचना. चाळणीतून निघालेली बारीक काळी माती दिसायला खतासारखी असते. कोणी ती परसबागेसाठी, भाजीच्या वाफ्यासाठी किंवा घराच्या जोत्यात भरण्यासाठी फुकट देऊ केली, तर तिच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नका. घरगुती कचऱ्यात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि औषधेही असतात. त्यांतील शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू जिवाणूंच्या फवारणीने नाहीसे होत नाहीत, ते मातीतच राहतात.

ढिगाखालच्या जमिनीतही हेच धातू असू शकतात. काळे पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, वर्षानुवर्षे खाली झिरपत राहते. कचरा उचलल्यावर ती जागा मोकळी आणि सपाट दिसेल, तिथे हिरवळ लावता येईल, फलकही लावता येईल. माती आणि भूजल स्वच्छ झाले की नाही हे फक्त नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासल्यावरच कळते.

नवे नियम कोणते?

केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण (प्रदूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५ अधिसूचित केले. हे नियम १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली आहेत. त्याआधी प्रदूषित जमीन शोधण्यापासून स्वच्छ करण्यापर्यंतची पूर्ण पद्धत सांगणारा स्वतंत्र नियम आपल्याकडे नव्हता. जी काही कामे झाली ती न्यायालयांच्या आदेशाने किंवा एखाद्या प्रकल्पापुरती झाली. नियम आले त्या वेळी देशात १०३ प्रदूषित ठिकाणांची नोंद होती आणि त्यांपैकी फक्त ७ ठिकाणी स्वच्छतेचे काम सुरू झाले होते. नियमांची गरज का होती हे या आकड्यांवरून कळते.

नियमांतील क्रम असा आहे. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन आपल्या हद्दीतील संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी करते. ही नोंद प्रशासन स्वतःहून करू शकते आणि नागरिकांच्या तक्रारीवरूनही करू शकते. म्हणजे आपला अर्ज इथे कामाचा आहे. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करते आणि नमुने घेते. प्रमाण संशयास्पद आढळले तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी होते. घातक रसायनांची मर्यादा ओलांडल्याचे सिद्ध झाले की ती जागा 'प्रदूषित स्थळ' म्हणून जाहीर होते आणि तिथे ये-जा व वापर यांवर निर्बंध येतात. मग तज्ज्ञ संस्थेकडून स्वच्छतेचा आराखडा तयार करून घेतला जातो. प्रदूषण कोणी केले हे मंडळाने ९० दिवसांत शोधायचे असते. ज्याने केले त्यानेच खर्च करायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र व राज्य सरकार खर्चाची व्यवस्था करतात. प्रदूषणामुळे जीवितहानी किंवा नुकसान झाल्याचे सिद्ध झाले तर भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी कारवाईही होऊ शकते.

चंदीगड केंद्रशासित प्रदेश असल्याने इथे राज्य मंडळ नाही. मंडळाचे काम चंदीगड प्रदूषण नियंत्रण समिती करते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

नियमांतील एक उणीवही सांगायला हवी. तपासणीच्या टप्प्यांना दिवसांची मर्यादा आहे, पण जागा प्रदूषित ठरल्यावर ती प्रत्यक्ष स्वच्छ कधीपर्यंत व्हावी यासाठी सगळीकडे लागू होईल अशी मुदत नाही. म्हणून पुढच्या पाठपुराव्याचे काम रहिवाशांकडेच राहते.

मग डड्डूमाजरा या नियमांत बसतो का?

बहुतेक अर्ज चुकीच्या कार्यालयात जातात ते इथेच.

२०२५ च्या नियमांतून चार प्रकार वगळले आहेत: किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याचे डंप. या प्रत्येकासाठी वेगळा कायदा किंवा नियम आहे, हे त्यामागचे कारण. डड्डूमाजरा हा महानगरपालिकेच्या घनकचऱ्याचा डंप असल्याने, 'ही जागा प्रदूषित स्थळ म्हणून जाहीर करा' एवढाच अर्ज केल्यास 'हे प्रकरण या नियमांत येत नाही' असे उत्तर मिळण्याची शक्यता आहे.

पण नियमांत एक दार उघडे ठेवले आहे. डंपमध्ये घातक रसायने मिसळलेली असतील आणि त्यांचे प्रमाण नियमांत दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर तो डंप असला तरी त्या जागेची स्वच्छता याच नियमांखाली येते. म्हणजे प्रश्न पुन्हा नमुन्यांच्या तपासणीवर येतो. तपासणीच झाली नाही तर मर्यादा ओलांडली की नाही हे कोण सांगणार? त्यामुळे आपल्या अर्जातील मुख्य मागणी माती आणि भूजलाच्या तपासणीची असावी. 'कचरा हटवा' ही मागणी त्याच्या जोडीला येईल.

कचरा हटवण्याचे बंधन घनकचरा व्यवस्थापन नियमांतून येते. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेवर जुन्या डंपची तपासणी करून बायोमायनिंग करण्याची जबाबदारी टाकली. त्यांची जागा आता २०२६ च्या नियमांनी घेतली आहे. हे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात आणि त्यांतही जुन्या डंपची नोंद करून ते ठरलेल्या वेळात हटवण्यावर भर आहे. घरातील कचरा ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशा चार भागांत वेगळा देण्याचे बंधनही याच नियमांत आहे. बॅटरी, बल्ब, रंग, मुदत संपलेली औषधे चौथ्या भागात जातात. ही विभागणी अनेकांना कटकट वाटते. पण वर सांगितलेले शिसे आणि पारा डंपवर पोहोचतात ते याच वस्तूंमधून.

सोपे करून सांगायचे तर: ढीग, दुर्गंधी, आग आणि लिचेटच्या टाक्या यांबाबतची तक्रार महानगरपालिकेकडे, घनकचरा नियमांखाली. जमिनीतील व पाण्यातील रसायनांबाबतची तक्रार चंदीगड प्रदूषण नियंत्रण समिती आणि उपायुक्त कार्यालयाकडे, २०२५ च्या नियमांखाली. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करा. तसे केले की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही.

बिच्छडीचा धडा

'प्रदूषण करील तो खर्च भरील' हे तत्त्व कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात पैसे वसूल व्हायला किती काळ लागतो, हे राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या बिच्छडी गावाने पाहिले. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही कारखान्यांनी 'एच-ॲसिड' हे रंग उद्योगात लागणारे रसायन तयार केले. त्यातून सुमारे २,४४० टन विषारी गाळ निघाला. गाळ उघड्यावर पडला, पावसाने जमिनीत उतरला आणि विहिरींच्या पाण्याचा रंग बदलला. ते पाणी माणसांना, जनावरांना किंवा शेताला वापरण्याजोगे राहिले नाही. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यांना जबाबदार धरले. स्वच्छतेचा खर्च त्यांच्याकडूनच वसूल करावा असे सांगितले आणि हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून ठामपणे मांडले. कारखान्यांनी मात्र एकामागून एक अर्ज करून प्रकरण लांबवले. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ३७ कोटी रुपयांहून अधिक रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. निकालापासून या आदेशापर्यंत पंधरा वर्षे गेली होती.

भोपाळचे उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला आणि त्या वर्षी जूनअखेर जाळून संपवण्यात आला. साठवलेला कचरा गेला. आवारातल्या मातीचा आणि भूजलाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

डड्डूमाजरात अडचण आणखी वेगळी आहे. इथे प्रदूषण करणारा एक कारखाना नाही, कचरा साऱ्या शहराचा आहे. त्यामुळे 'जबाबदार व्यक्ती' म्हणून महानगरपालिकाच समोर येते, आणि महानगरपालिकेने भरलेला दंड शेवटी करदात्यांच्या पैशातूनच जातो. म्हणून दंडाच्या रकमेपेक्षा काम प्रत्यक्ष होते की नाही याकडे लक्ष ठेवणे रहिवाशांच्या जास्त उपयोगाचे आहे.

युरोपात काय करतात?

ही माहिती देण्याचे कारण असे की आपल्या नियमांतील अनेक कल्पना तिकडे आधी वापरल्या गेल्या आहेत. त्या कुठे चालल्या आणि कुठे अडल्या, हे पाहण्यासारखे आहे.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ लेकरकेर्क नावाचे गाव आहे. तिथे १९७० च्या दशकात भराव टाकून घरे बांधली. १९८० मध्ये उघड झाले की त्या भरावात रासायनिक कचऱ्याची पिंपे पुरलेली होती. सुमारे २७० घरे रिकामी करावी लागली. त्या धक्क्यानंतर तिथे माती स्वच्छ करण्याचे कायदे झाले. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांताने १९९५ मध्ये वेगळा मार्ग काढला: जमीन विकताना मातीचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले. घेणाऱ्याला जमिनीचा इतिहास आधीच कळतो आणि विकणाऱ्याला तो लपवता येत नाही. सातबारा उताऱ्यावर जसा बोजा दिसतो, तशीच ही मातीची नोंद. जर्मनीने १९९८ मध्ये स्वतंत्र माती संरक्षण कायदा केला.

संपूर्ण युरोपीय संघासाठी एकच कायदा मात्र बराच काळ होऊ शकला नाही. २००६ मध्ये मांडलेला प्रस्ताव काही मोठ्या देशांच्या विरोधामुळे अडला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. जमीन हा आमचा अंतर्गत विषय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. केंद्र आणि राज्य यांच्यातील अशा वादांची आपल्यालाही सवय आहे. २००४ चा पर्यावरणीय जबाबदारीविषयीचा निर्देश होता, पण तो ३० एप्रिल २००७ पूर्वीच्या प्रदूषणाला लागू होत नाही. म्हणजे जुने पाप त्यातून सुटते. अखेर २०२५ मध्ये माती देखरेखीचा निर्देश मंजूर झाला आणि १६ डिसेंबर २०२५ रोजी अमलात आला. सदस्य देशांनी तीन वर्षांत तो आपापल्या कायद्यात आणायचा आहे. संभाव्य प्रदूषित जागांची यादी दहा वर्षांच्या आत तयार करून लोकांसाठी खुली ठेवायची आहे. युरोपीय संघात अशा संभाव्य जागा सुमारे २८ लाख असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडील १०३ हा आकडा यापुढे ठेवून पाहिला, तर आपली जमीन जास्त स्वच्छ आहे असा अर्थ कोणी काढू नये. आपण अजून शोधायलाच सुरुवात केली आहे.

कचऱ्याच्या जागांबाबत युरोपचा १९९९ चा निर्देश आहे. कचरा टाकण्यासाठी जे शुल्क घेतले जाते, त्यातच जागा बंद केल्यानंतरच्या किमान ३० वर्षांच्या देखभालीचा खर्च धरावा, असे तो सांगतो. आपल्या २०१६ च्या नियमांत बंद केलेल्या भरावभूमीची देखभाल किमान १५ वर्षे करण्याची अट होती. १५ वर्षांनंतरही तिथे वस्तीचा विचार करायचा तर वायू आणि लिचेटची तपासणी नियमांत बसली पाहिजे आणि जमीन स्थिर असली पाहिजे, असेही त्यात म्हटले होते. घर वाटपाच्या योजनेत एखाद्या जुन्या डंपच्या जागेवर सदनिका देऊ केली, तर हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मुंबईत धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनारच्या डंपची जमीन वापरण्याचा विषय निघाला, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला.

तक्रार कशी लिहावी?

साधी भाषा चालते. हिंदी, पंजाबी किंवा इंग्रजीत लिहिल्यास चंदीगडमधील कार्यालयांना सोयीचे पडते. मराठीत लिहायची सवय असेल तर आधी मराठीत मुद्दे काढा आणि मग कोणाकडून तरी हिंदीत करून घ्या.

'फार त्रास होतो' एवढे लिहून भागत नाही. तारीख, वेळ आणि जागा लिहा. उदाहरणार्थ, अमुक तारखेला सकाळी सात वाजता डंपच्या अमुक बाजूच्या भिंतीखालून काळे पाणी गल्लीत आले, ते अमुक तास साचले होते, सोबत छायाचित्र जोडले आहे. हातपंप किंवा नळाच्या पाण्याला वास येत असेल तर कोणता पंप, कधीपासून आणि किती घरे तो वापरतात, हे लिहा. घरात कोणाला दम्याचा किंवा त्वचेचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा, मूळ चिठ्ठी आपल्याकडेच ठेवा. शेवटी मागणी स्पष्ट करा: माती, भूजल आणि नाल्यातील पाणी यांचे नमुने घ्यावेत, अहवालाची प्रत द्यावी, आणि तोपर्यंत पिण्याच्या पाण्याची पर्यायी सोय करावी. शक्य असल्यास गल्लीतील पाच-दहा घरांनी मिळून सह्या करा. पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

तीस दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. मागायची माहिती अशी: डंपच्या परिसरात मागील दोन वर्षांत घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल, संशयित स्थळांच्या यादीत या जागेचा समावेश आहे का, आणि नसल्यास त्याचे कारण. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळावर चंदीगड प्रशासनाविरुद्धही तक्रार नोंदवता येते.

हरित न्यायाधिकरणाकडे कधी जावे?

प्रशासनाकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण हा पुढचा मार्ग आहे. चंदीगडची प्रकरणे नवी दिल्लीतील मुख्य खंडपीठाकडे जातात, महाराष्ट्र व गोव्याची पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठाकडे. मुदतीकडे नीट लक्ष द्या, कारण चांगली प्रकरणेही यावर बाद होतात. पर्यावरणाच्या प्रश्नावर आदेश मागायचा असेल तर कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नुकसानभरपाई किंवा जमीन-पाणी पूर्ववत करून मागायचे असेल तर पाच वर्षांची मुदत आहे. दोन्हींत पुरेसे कारण दाखवल्यास ६० दिवसांची सवलत मिळू शकते. भरपाई न मागता केलेल्या अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे. भरपाई मागितल्यास मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, पण किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराकडून शुल्क घेतले जात नाही, त्यासाठी शिधापत्रिका किंवा प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

वकील लावण्याची ऐपत नसेल म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा चंदीगडच्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ओळखपत्र घेऊन जा.

डंपवर कचरा वेचणाऱ्यांसाठी

ढीग संपला की त्यावर पोट असलेल्यांचे काय, हा प्रश्न स्वच्छतेच्या बातम्यांत सहसा येत नाही. प्लास्टिक, भंगार आणि काच वेचून विकणारी कुटुंबे डंपशेजारीच राहतात. त्यांच्यासाठी 'नमस्ते' ही योजना आहे. आधी ती गटार व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांपुरती होती, २०२४ पासून कचरावेचकांचाही तिच्यात समावेश झाला. नोंदणी झाल्यावर ओळखपत्र, हातमोजे-बूट-मास्क यांचा सुरक्षा संच, प्रशिक्षण आणि आयुष्मान भारत योजनेतून आरोग्य संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात. घरात ७० वर्षे किंवा त्याहून मोठी व्यक्ती असेल तर तिला उत्पन्नाची अट न लावता स्वतंत्र कार्ड मिळते.

नोंदणीसाठी महानगरपालिकेकडे चौकशी करा. आधार कार्ड, बँक पासबुक आणि मोबाइल क्रमांक सोबत ठेवा. मूळ गाव महाराष्ट्रात असेल आणि आधारवर तिथलाच पत्ता असेल, तर आधी पत्ता बदलावा लागेल का हे खिडकीवर विचारून घ्या. दोनदा फेरी मारावी लागणार नाही. बायोमायनिंगचे काम करणाऱ्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर असाल तर हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवा. पुढे दम्याचा किंवा त्वचेचा त्रास उद्भवला आणि तो कामामुळेच झाला हे दाखवायची वेळ आली, तर आपण त्या ढिगावर किती दिवस काम केले याचा आपल्या हातातला पुरावा त्या वहीतच असेल.